म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं किंवा हळूहळू विसरायला लागलं, तर काय करायचं

घरातले अण्णा काल संध्याकाळपासून असंबद्ध बोलतायत. शेजारच्या आजी दोन वर्षांपासून विसरतायत. दोघांबद्दल गावात एकच वाक्य ऐकू येतं, "वय झालं, चालायचंच." खरं तर अण्णांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं आणि आजींना नीट तयारी करून पंधरा दिवसांच्या आत. दोघांना एकाच वाक्यात बसवलं की सगळ्यात मोठं नुकसान अण्णांचं होतं, कारण त्यांच्या मेंदूत त्या घडीला जे चाललेलं असतं ते पुष्कळदा औषधानं थांबवता येतं.

60 वर्षांपुढच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे सावकाश वाढत जाणारा विसरण्याचा आजार असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यात बायकांचं आणि खेड्यांचं प्रमाण जास्त. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत असं एखादं माणूस नसलेलं गाव शोधावं लागेल. हा लेख ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी आहे: घरची सून, गावात राहिलेला मुलगा, पुण्याहून फोनवर काळजी करणारी लेक, नव्यानं रुजू झालेल्या आशाताई.

पहिली पायरी: कधीपासून, ते ठरवा

डॉक्टरकडं गेल्यावर "विसरतात" एवढंच सांगितलं तर फारसं हाती लागत नाही. कधीपासून, हे सांगता आलं तर अर्धं निदान तिथंच होतं. आणि हे फक्त घरचं माणूस सांगू शकतं. कुठलंही मशीन ते सांगत नाही.

तारीख आठवत नसेल तर सणांवर लावा. पोळ्याला बैल धुवायला गेले होते का? महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाहुण्यांना नावानं ओळखलं का? दिवाळीत हिशोब कुणी केला? असं मागं मागं जात राहिलं की कुठून बिघडलं ते सापडतं. मग तीनपैकी एक उत्तर निघतं.

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बिघडलं असेल, तर ती तातडीची वेळ. मेंदूज्वर, पक्षाघात, साखर एकदम उतरणं, उन्हाचा तडाखा, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग अशी कारणं इथं असतात. आधीपासून डिमेन्शिया असलेल्या माणसालाही हाच नियम. "त्यांचं तसंही डोकं ठिकाणावर नाही" म्हणून दुर्लक्ष झालेल्या माणसांचे हाल मला सगळ्यात जास्त लागतात. रोज तीनदा तेच विचारणारी आजी एका दिवसात गप्प होऊन पडून राहिली, तर तो तिच्या जुन्या आजाराचा भाग समजू नका. नवीन काहीतरी झालंय.

काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत बिघडलं असेल, तर टीबीचा मेंदूज्वर, डोक्याला मार लागून हळूहळू साठलेलं रक्त, मेंदूतली गाठ यांचा शोध घ्यावा लागतो. या मधल्या गटाकडं सर्वात जास्त काणाडोळा होतो. एका दिवसात काही भयंकर घडत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही.

वर्ष-दोन वर्षांत सावकाश बिघडत गेलं असेल, तर डिमेन्शियाची शक्यता जास्त. तरीही तपासणी हवीच. ती का, ते पुढं येईल.

दुसरी पायरी: लक्ष टिकतं का ते पाहा

शाळा न शिकलेल्या माणसाला "आज तारीख किती, राष्ट्रपती कोण" असं विचारून काही कळत नाही. त्यांच्या जगण्यातलं विचारा. आपल्या रानात आत्ता काय उभं आहे, तूर का हरभरा? गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? थोरल्या नातीचं लग्न कुठल्या गावी झालं? पाचशेची नोट देऊन एकशेवीसचा किराणा आणला तर परत किती यायला पाहिजेत?

लातूर-धाराशिवकडं मी एक प्रश्न हमखास विचारते, "आज्जे, येळवस होऊन लई दिस झाले का?" येळवस म्हणजे तिकडचा वेळा अमावस्येचा सण, तो होऊन दोन महिने झालेले असतात. डिमेन्शियाची सुरुवात असलेली आजी बिनधास्त सांगते, "परवाच झाली की! आंबील नाही मिळालं का तुला?" उत्तर चुकीचं असतं, पण ती तुमच्याकडं बघते, प्रश्न ऐकते, बोलण्यात राहते. भ्रमात असलेल्या, म्हणजे अचानक बिघडलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याला तोच प्रश्न विचारला तर ते ऐकता ऐकता भिंतीकडं बघायला लागतं, गोधडीचे दोरे उपसत बसतं, मधेच डोळे मिटतं. तासाभरानं बरं वाटतं आणि रात्री पुन्हा उठून "बैल सुटले" म्हणून दाराकडं धावतं.

सोपी परीक्षा म्हणजे आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. पूर्वी सहज म्हणणारं माणूस आता दुसऱ्याच वाराला अडकत असेल आणि हे सगळं दोन दिवसांतलं असेल, तर थांबू नका.

तिसरी पायरी: ही लक्षणं दिसली तर गाडी काढा

बोलण्या-वागण्यातल्या बदलासोबत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, झटका, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, दोन-दोन दिसणं किंवा हाक मारूनही नीट जागं न होणं यातलं एक जरी असेल, तरी 108 ला फोन करा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, म्हणून नेमक्या कोणत्या वेळेपर्यंत माणूस ठीक होतं ते लक्षात ठेवा.

म्हाताऱ्या माणसाबाबत दोन गोष्टी फसवतात. मेंदूज्वर असूनही कधी कधी ताप येत नाही किंवा जेमतेम येतो. आणि मान आखडली आहे का हे कळत नाही, कारण मणक्याच्या झिजेनं मान आधीच आखडलेली असते. म्हणून ताप नाही हे बघून निश्चिंत होऊ नका.

गाडी येईपर्यंत माणसाला कुशीवर वळवा. झटका आला तर तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा आणि झटका किती वेळ चालला ते घड्याळात बघा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, दूध, अंगारा काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. शुगरच्या आजाराची गोळी घेणारं माणूस शुद्धीवर असून घामाघूम होऊन बरळत असेल तर साखरपाणी द्या. एकादशीला गोळी घेतली आणि पोटात मात्र काहीच नाही, असं झालं की साखर उतरते. चैत्र-वैशाखात रानातून आलेलं माणूस अंगानं भाजत असेल आणि भलतंच बोलत असेल तर आधी सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला, आणि तसंच दवाखान्यात न्या.

देवाला जरूर साकडं घाला, पण गाडी आधी निघू द्या. 'बाहेरचं' उतरवायच्या नावाखाली कुणी म्हाताऱ्याला मारहाण करत असेल, तर तो महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. घरच्यांनी परवानगी दिली तरी तो गुन्हाच राहतो.

सोबत काय न्यायचं

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. बीपी-शुगरच्या तर घ्याच, पण मेडिकलवरून आणलेली सर्दीची, झोपेची, गुडघेदुखीची गोळी आणि वैदूची पुडीही घ्या. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीच म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. काही बीपीच्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस पेंगतं, बरळतं.

आणि ज्यानं बदल स्वतः पाहिला त्याला सोबत न्या. बहुतेक घरांत धावपळ करणारा पुतण्या जातो आणि सगळं माहीत असलेली सून घरी राहते. डॉक्टर पुढच्या गोष्टी विचारतील: महिना-दोन महिन्यांत पडले होते का? कान वाहतो का? घरात कुणाला टीबी होता का? वजन उतरलंय का? कुत्रं चावलं होतं का? शेवटची लघवी कधी झाली? संडासला किती दिवस झाले नाही? शेवटचे दोन प्रश्न ऐकून हसू नका. तुंबलेली लघवी किंवा आठ दिवसांचा बद्धकोष्ठ एवढ्यानंही म्हातारं माणूस भ्रमिष्ट होतं, आणि मोकळं झालं की शुद्धीवर येतं.

कुठं जायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर, बीपी, ऑक्सिजन तपासून पुढं पाठवण्याची चिठ्ठी घ्या. सीटी स्कॅन आणि पाठीतलं पाणी तपासायची सोय हवी असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख संस्थेचं रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरी. 70 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला 5 लाखांपर्यंतचं उपचारांचं संरक्षण त्यात आहे. आजारपण येण्याआधीच आधार घेऊन जा आणि काढून ठेवा.

पाठीतलं पाणी काढू द्या

यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण इथंच घरं मागं सरतात. मेंदूज्वराची शंका आली की डॉक्टर पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायचं म्हणतात. लगेच वॉर्डातलं कुणीतरी म्हणतं, "आमच्या चुलत्याचं काढलं, अन् पाय गेले." नातेवाईक सही करत नाहीत. कुणी रात्रीतून पेशंट उचलून घरी नेतं.

काय होतं ते समजून घ्या. माणसाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घेतात. कमरेच्या खालच्या मणक्यांमधली जागा बोटानं चाचपून, बधिर करून, बारीक सुई घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्या जागी फक्त पाण्यात सुटे तंतू असतात. मेंदूभोवतीचंच पाणी तिथवर आलेलं असतं. थेंब थेंब करून दोन-तीन बाटल्यांत ते घेतात. पाणी स्वच्छ आहे का गढूळ, त्यात पेशी किती, साखर किती उतरलीय, प्रथिनं किती वाढलीत, टीबीचे जंतू सापडतात का, हे त्यातून कळतं. नंतर काहींना डोकं दुखतं, ते पडून राहिल्यानं आणि औषधानं थांबतं. ज्यांचे पाय गेले त्यांचे बहुधा त्या आजारानं गेले, ज्याच्यासाठी पाणी काढायचं ठरलं होतं. डोक्यातला दाब वाढलेला असेल तर हे करणं धोक्याचं असतं, म्हणून अशा पेशंटचा आधी स्कॅन करतात. "स्कॅन आधी लागेल का?" आणि "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, चालेल का?" हे दोन प्रश्न विचारा, आणि मग सही करा.

कोणते जंतू मेंदूत जातात

आपल्याकडं ज्याची आठवण आधी यायला हवी तो टीबी. खोकला असेलच असं नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. दोन-तीन आठवडे संध्याकाळचा कणकण ताप, डोकं दुखणं, अन्न नको वाटणं, वजन उतरणं, चिडचिड. मग पेंगणं, उलट्या, दोन-दोन दिसणं. या टप्प्यापर्यंत घरचे "म्हातारपणात असंच" म्हणत राहतात, आणि या आजारात उशीर फार महाग पडतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सुरुवातीला सूज उतरवायला स्टिरॉइड देतात, आणि कोर्स साधारण नऊ ते बारा महिन्यांचा असतो. महिन्याभरात माणूस उठून बसतं, बोलायला लागतं. गोळ्या बंद पडतात त्या नेमक्या याच वेळी. बंद करू नका. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, गोळ्यांचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, बँकेचा तपशील आरोग्य केंद्रात द्या.

जिवाणूंचा मेंदूज्वर तासांत वाढतो, वाहणाऱ्या कानातूनही पोचतो. नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू ताप, विचित्र वागणं आणि झटके घेऊन येतो. त्यावर शिरेतून द्यायचं औषध आहे, आणि डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात, हे योग्यच आहे.

मेंदूतले कृमी माळकरी माणसालाही होतात, आणि हे ऐकून घरची माणसं दुखावतात. डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी वाढलेल्या कुणाच्याही विष्ठेतून अंडी मातीत, पाण्यात, भाजीवर येतात; ती पोटात गेली की गाठी मेंदूत होतात. मांस न खाणारा त्यातून सुटत नाही. कोथिंबीर, मुळा, पातीचा कांदा चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणून मेडिकलवरून जंताची गोळी आणून देऊ नका. कृमी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात काम केलेल्या माणसाला ताप आला, तर आंघोळ घालताना काख, जांघ, कंबर नीट बघा. काळी खपली दिसली तर डॉक्टरला दाखवा. तो स्क्रब टायफस असू शकतो, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो, अंगावर काढला तर मेंदूपर्यंत जातो.

सावकाश विसरणाऱ्यांची तपासणी

इथं घाई नाही, पण आळसही नको. बी-12, थायरॉइड, साखर, सोडियम, किडनी, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) चाचणी, आणि एक सीटी स्कॅन. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाचं बी-12 उतरलेलं असू शकतं, मग हातापायांना मुंग्या येतात, डोकं चालत नाही. इंजेक्शन स्वस्त आहे. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पडून डोक्याला लागलं असेल तर आत रक्त साठत जातं, ते शस्त्रक्रियेनं काढता येतं. कान आणि मोतीबिंदूही तपासा. ज्याला ऐकूच येत नाही तो विसरला असं आपण समजतो. जोडीदार गेल्यानंतर गप्प झालेल्या माणसाला नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं.

ताप, संसर्ग चालू असताना डिमेन्शियाचं निदान पक्कं करू नका. भ्रम उतरायला म्हाताऱ्या मेंदूला कधी कधी काही आठवडे लागतात. सावरल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

डिमेन्शियाच निघाला तर

गोळ्यांनी काहींना थोडा फरक पडतो. आजार जात नाही. खरा उपचार घरात होतो. उठणं, चहा, आंघोळ, जेवण ठरल्या वेळी. खोटं पाडायचं नाही: "बा आले का बाजारातून?" असं विचारलं तर "बा जाऊन चाळीस वर्षं झाली" असं सांगून रोज नव्यानं रडवायचं नाही, बाबांच्या आठवणी काढायच्या आणि विषय वळवायचा. खिशात किंवा पदराच्या टोकाला गाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद शिवून ठेवा. घास अडकत असेल तर भाकरी दुधात कुस्करून, बसवून भरवा.

आणि फवारणीचं औषध आजच कुलपात घाला. आपल्या घरात ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलेलं, न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलेलं असतं. विसरणारं माणूस ते पाणी म्हणून पितं. विहिरीला कठडा नसेल तर काटेरी फाटे का होईना, पण लावा.

जमीन, वारस, बँक खातं यांचं बोलणं माणसाला समजतंय तोवर, त्याच्या इच्छेनं, वकिलाला विचारून उरका. समज गेल्यावर सातबाऱ्याच्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यानं भाऊ कोर्टात जातात. कुणी आधीच जबरदस्ती करत असेल, हाल करत असेल तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला.

सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. ती बहुधा सून असते आणि तिला कुणी विचारत नाही. नणंदेनं, दिरानं वार वाटून घ्यावेत.

ऊसतोडीला जाताना

बीडपासून परभणीपर्यंत हजारो घरांत दिवाळीच्या सुमाराला जोडपं कोयत्यावर निघतं आणि म्हातारी माणसं, लेकरं मागं राहतात. बदल पाहणारंच कुणी घरात उरत नाही. म्हणून निघण्याआधी शेजारचं एक घर ठरवा, रोज सकाळी हाक मारून बोलतील असं. सगळ्या गोळ्यांची यादी, आशाताईंचा नंबर, 108, आधार आणि आयुष्मान कार्डाची झेरॉक्स एका पिशवीत घालून ती त्यांच्याकडं द्या. शुगरच्या गोळ्या जेवणाशिवाय घ्यायच्या नाहीत हे नातवालाही पाठ करून ठेवा. फोन रोज ठरल्या वेळी करा आणि नुसतं "बरंय का" विचारू नका. काय जेवलात, आज कोण आलं होतं, असं विचारा. उचल घेताना मुकादमाला सांगून ठेवा की घरून असा फोन आला तर एकाला त्याच रात्री निघावं लागेल, आणि त्या प्रवासाचे पैसे बाकी खर्चापासून वेगळे बांधून ठेवा.